सहाशे चाळीस तासांचं डोकं

माझं नाव शीतल मगदूम. या नावावरून आमच्या दूध संघात जेवढी चेष्टा झालीय, तेवढी अध्यक्षांच्या भाषणांचीही झाली नसेल. मला राग येतो. लवकर येतो, आणि आला की घरातल्या सगळ्यांना पुरतो. नवरा म्हणतो, बारशाच्या दिवशी तू झोपलेली असणार, त्याशिवाय आत्यानं हे नाव ठेवलंच नसतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं त्याचा संबंध येणार आहे.

सांगलीच्या बाहेर आमचा दूध संघ आहे. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दूध मोजलं जातं, फॅट लागते, आणि ते आकडे आमच्या सर्व्हरवर येतात. हे जाळं चालू ठेवणं माझं काम. जाळं बंद पडलं तर टँकर थांबतो, टँकर थांबला तर दूध नासतं आणि मग गावाकडून जे फोन येतात ते मी इथं लिहू शकत नाही. अठरा वर्षं मी हे काम करतेय आणि मला ते आवडतं. नोकरी आवडणारी माणसं आता फार राहिली नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आमच्या कॅन्टीनमध्ये पूर्वी एक कायमचा वाद असायचा. कुठलं सर्टिफिकेट सगळ्यात अवघड? नेटवर्कचं, क्लाउडचं की सिक्युरिटीचं? कुणी म्हणायचं सिक्युरिटीला तीन महिने पुष्कळ झाले. दुसरा म्हणायचा, माझा मामेभाऊ पुण्यात सहा महिने बिनपगारी रजा काढून बसला तरी आपटला. इंटरनेटवर बघावं तर तिथंही हाच गोंधळ. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आणि प्रत्येक जण शपथेवर सांगणार. चहा गार व्हायचा, वाद मिटायचा नाही.

मग ‘अवधी’ आलं आणि वाद एका झटक्यात संपला.

अवधी म्हणजे डोक्याला बांधायचा एक रुंद पट्टा आणि त्याच्यामागं एक भलंमोठं गणित. पट्टा बांधून तुम्हाला पडद्यासमोर बसवतात. पडद्यावर काही चिन्हं आणि त्यांचे नियम येतात. ही चिन्हं जगात कुठंच नसतात, मुद्दाम बनवलेली, म्हणजे कुणालाही ती आधीपासून येत असण्याची भानगड नको. थोड्या वेळानं तीच पुन्हा दाखवतात. पहिल्या खेपेला मेंदूला जेवढी झटापट करावी लागली, त्यापेक्षा दुसऱ्या खेपेला किती कमी लागली हे पट्टा टिपतो. एक रात्र झोपून दुसऱ्या दिवशी परत यायचं, की रात्रीतून किती उरलं आणि किती विरलं तेही कळतं. एवढ्यावरून तुमचा शिकण्याचा वेग निघतो. दुसऱ्या बाजूला यंत्राकडं त्या त्या परीक्षेच्या अभ्यासक्रमाचे बारीक तुकडे असतात आणि आधी मोजून घेऊन परीक्षेला बसलेल्या हजारो लोकांचे निकाल. दोन्हींची सांगड घातली की आकडा बाहेर पडतो: तुम्हाला अमुक परीक्षेला इतके तास लागतील.

म्हणजे अवघड परीक्षा असं काही उरलंच नाही. उरलं ते अवघड डोकं आणि सोपं डोकं.

आणि गंमत म्हणजे आकडे बरोबर यायचे. आमच्या विभागातल्या निकिता चौगुलेला सिक्युरिटीसाठी नव्वद तास आले. तिनं नव्वद तास अभ्यास केला आणि पास झाली. क्लासवाल्यांनी आकड्यांप्रमाणे बॅचेस पाडल्या. लग्नाच्या बायोडाटात उंचीच्या खाली आकडा यायला लागला. माझ्या चुलत नणंदेनं एका स्थळाला नकार दिला, मुलगा म्हणे चारशेचा आहे. मुलगा चांगला उंचापुरा, निर्व्यसनी, तासगावला स्वतःची द्राक्षबाग, पण चारशेचा.

दसऱ्याच्या सुमारास आमच्याकडं फर्मान निघालं. दूध संघावर दोन सायबर हल्ले झाले होते, त्यामुळं संगणक विभागात राहायचं असेल तर मार्चअखेर सिक्युरिटीचं सर्टिफिकेट हवं. आधी मिरजेच्या केंद्रात जाऊन अवधी करून घ्यायचं. तीनशेच्या आत आकडा आला तर संघ परीक्षेला पाठवणार, अभ्यासाला सुट्टी देणार. तीनशेच्या वर आला तर पॅकिंग विभागात बदली. आमचे साहेब हणमंत कोळेकर हे सांगताना कुणाकडंच बघत नव्हते. माणूस वाईट नाही, वरून आलेलं खाली सांगत होता.

मला भीती नव्हती. अठरा वर्षं हेच करतेय, मला किती लागणार?

आता आमच्या सासूबाई. त्यांना आम्ही आई म्हणतो. मूळच्या कवठ्याच्या, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. घरात कुणाची परीक्षा असली की आदल्या संध्याकाळी नाहीतर त्या सकाळी डोक्यावर खोबरेल तेल थापायचं, हा त्यांचा नियम. डोकं थंड तर वाचलेलं आत राहतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे अजितच्या, दहावीला त्यांनी एवढं तेल घातलं होतं की उत्तरपत्रिकेवर डाग पडले. मिरजेला जायच्या दिवशी मी नको नको म्हणत असताना त्यांनी मला पाटावर बसवलं आणि वाटीभर तेल जिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी तेलकट वेणी घालून पट्ट्याखाली बसले. तिथल्या तंत्रज्ञानं, इम्रान मुजावर त्याचं नाव, काहीही न बोलता पट्टा आवळला.

आकडा आला सहाशे चाळीस.

आमच्या विभागात तो सगळ्यात मोठा होता. दुसरा मोठा आकडा सुभाष तांदळेचा, चारशे सत्तर. सुभाष आणि मी एकाच वर्षी कामाला लागलो. त्यानं आकडा बघितला, डबा खाल्ला, आणि दुसऱ्याच दिवशी आपण होऊन पॅकिंगला जायला तयार झाला. म्हणाला, उगाच कशाला फरफट करायची, मशीन खोटं बोलतंय थोडंच.

मीही तेच करणार होते. खरंच सांगते. त्या संध्याकाळी घरी येऊन मी रागावलेसुद्धा नाही. अजितनं विचारलं तेव्हा म्हटलं, सहाशे चाळीस तास. रोज नोकरी आणि घर सांभाळून जमतील तेवढे तास धरले तरी मार्चपर्यंत निम्मेही होत नाहीत. जाऊ दे, पिशव्या मोजायला तरी डोकं लागत नाही. अजित म्हणाला, आकडा आहे तो, शिवी नाही. मी त्यालाही काही बोलले नाही. मुकाट्यानं भाकरी थापल्या. आई समोर बसून माझ्याकडं बघत होत्या. एकदा विचारलं त्यांनी, काय गं, भांडत का नाहीस आज? मी म्हटलं, कुणाशी भांडू?

दोन दिवसांनी कामावरून आले तर आई दारातच बसल्या होत्या. चेहरा पडलेला. म्हणाल्या, "शीतल, माझंच चुकलं गं. त्या तेलानं घात केला. मी त्या मिरजेच्या केंद्रात फोन लावून विचारलं. तेल असलं की पट्ट्याला नीट कळत नाही म्हणे. तुझा आकडा चुकलाय."

आणि मग सगळं लख्ख दिसलं. तेलातून वीज जात नाही, हे शाळेतलं पोर सांगेल. पट्टा मेंदूतली हालचाल टिपणार, म्हणजे विजेचाच मामला. मध्ये वाटीभर खोबरेल! मला डोक्यानं कमी ठरवलं ते एका वाटीनं!

मग मी जी सुटले. आयुष्यात आईंना कधी बोलले नव्हते ते सगळं बोलले. तुमचं तेल, तुमची खुळचट समजूत, अठरा वर्षांच्या नोकरीवर पाणी फिरवलंत, आता बसा घरात वाट्या घासत. अजित मध्ये पडला तर त्यालाही दोन शब्द ऐकवले. आईंनी खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि शेवटी तेलाची बाटली उचलून कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर ठेवली. गुडघ्यांचा त्रास असताना स्टुलावर चढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात फोन केला, पुन्हा मोजा म्हणून. तिथल्या बाईनं सांगितलं, सहा महिन्यांच्या आत पुन्हा मोजत नाही, तसल्या चिन्हांची सवय डोक्यात ताजी असते. तेलाचं कारण सांगायची मला लाज वाटली. म्हणून कोळेकर साहेबांकडं गेले आणि म्हटलं, आकडा चुकलाय. कसा चुकला ते विचारू नका. मी माझी माझी परीक्षेला बसते, संघानं पाठवू नये, सुट्टी देऊ नये, फक्त मार्चअखेरपर्यंत माझी खुर्ची हलवू नये. साहेबांनी बराच वेळ पेन फिरवलं आणि म्हणाले, ठीक आहे बाई, मार्चपर्यंत मी काही बघितलं नाही.

त्यानंतरचे महिने मी अभ्यास केला. पहाटे उठून केला, दुपारच्या डब्याच्या वेळेत केला. निकिता दर आठवड्याच्या सुट्टीची दुपार माझ्यासोबत बसून काढायची. अवघड होतं का? होतं की! पहिल्या महिन्यात मला दर दोन पानांनी रडू यायचं. कुणावरही विश्वास ठेवायचा नाही, आपल्या जाळ्याच्या आतल्या माणसालाही दर वेळी तपासायचं, या एका तत्त्वावर सगळं प्रकरण उभं होतं आणि ते माझ्या डोक्यात शिरेना. मग एके दिवशी गेटवर टँकर बघितला. अध्यक्षांच्या गावचं दूध असो नाहीतर कुणाचं, गेटवर नमुना घेतल्याशिवाय आत जात नाही. रोज येणारा टँकर असला तरी रोज नमुना. अरे, हेच तर म्हणतायत ते! त्यानंतर मी प्रत्येक धडा दुधात कालवून शिकले. निकिता हसायची, पण तीही नंतर तसंच बोलायला लागली.

प्रत्येक वेळी पुस्तक मिटून द्यावंसं वाटलं की मला ती वाटी आठवायची. आकडा खोटा आहे, माझं डोकं चांगलं आहे, एवढं दाखवायचंय. कुणाला? तर आईंना. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. जेवायला वाढू का, औषध घेतलं का, बस. त्या मात्र पहाटे माझ्याआधी उठायच्या. मी टेबलाशी येईपर्यंत चहा झाकून ठेवलेला असायचा. कणीक मळलेली, भाजी चिरलेली. मला वाटायचं, चूक भरून काढतायत, काढू देत. डोकं ठणकायचं तेव्हा त्यांचे हात आठवायचे, पण मी मागितलं नाही आणि त्यांनीही बाटली खाली काढली नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी कोल्हापूरला जाऊन परीक्षा दिली आणि पास झाले. काठावर नाही, चांगल्या मार्कांनी. किती तास झाले ते निकितानं हिशेब करून सांगितलं, अडीचशेच्या आसपास. कोळेकर साहेबांनी स्वतः पेढे वाटले, आमच्याच संघाचे. माझी खुर्ची होती तिथं राहिली.

घरी आल्यावर मी आईंच्या पाया पडले. पडायचं म्हणून पडले, मनातली अढी गेली नव्हती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढलाच नाही.

एप्रिलमध्ये मिरजेच्या केंद्रातून फोन आला. माझा आकडा आणि माझा निकाल जुळत नाही, पुन्हा मोजायला याल का? याल का म्हणजे काय, मी वाटच बघत होते. या खेपेला शिकेकाईनं दोनदा केस धुतले, उन्हात वाळवले. आईंना मुद्दाम ऐकू जाईल असं अजितला सांगितलं, की आज कळेल खरा आकडा काय तो. आई मेथी निवडत होत्या. मान वर केली नाही त्यांनी.

दोन दिवस पुन्हा तीच बैठक, फक्त चिन्हं नवी. दुसऱ्या दिवशी इम्राननं पडद्याकडं बघून भुवया उंचावल्या. मी म्हटलं, बोला, किती?

"सहाशे पंचवीस."

मी म्हटलं, शक्य नाही. आज केसांना तेलाचा थेंब नाही. मागच्या वेळी वाटीभर तेल होतं म्हणून आकडा चढला होता. तो आधी गोंधळला, मग हसायला लागला आणि मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. समजावून सांगितलं त्यानं. जुने पट्टे कातडीवरची वीज मोजायचे, त्यांना तेल चालत नसे. हा पट्टा वीज मोजतच नाही. मेंदूत वीज खेळते तेव्हा तिच्याभोवती अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते हा मोजतो. ते केसांतून, तेलातून, फेट्यातूनसुद्धा आरपार येतं. डोक्यावर तेलाचा डबा ओतून बसलात तरी फरक पडणार नाही.

"मी सांगितलं होतं की हे," तो म्हणाला. "तुमच्या घरून एका आजींचा फोन आला होता ना मागं? तेलामुळं आकडा चुकला का, असं विचारत होत्या. म्हटलं, आजी, तेलाचा काही संबंध नाही, आकडा बरोबर आहे. त्या दोन वेळा खात्री करून घेत होत्या. नक्की ना, नक्की ना, म्हणून."

मला बाटली घेऊन स्टुलावर चढलेल्या आई दिसल्या.

मग आकडा बरोबर असेल तर मी पास कशी झाले, असं मी विचारलं. इम्रानला तेच तर कळत नव्हतं म्हणून त्यानं वरच्या लोकांना विचारलं होतं. वरच्यांनी जे सांगितलं ते त्यानं मला साध्या भाषेत सांगितलं. यंत्र निकालांवरून शिकतं. नव्वदवाला पास झाला, दोनशेवाला पास झाला, अडीचशेवाला नापास झाला, की ते आपलं गणित सुधारतं. पण तीनशे-चारशेच्या वरच्या माणसाला कुठलीच कंपनी परीक्षेला बसवत नाही. आणि तो स्वतःही बसत नाही, कारण आकड्यानं त्याचं अवसान गेलेलं असतं. त्यामुळं वरच्या आकड्यांचा निकाल यंत्रानं कधी बघितलाच नाही. तिथं ते नुसता अंदाज ठोकत होतं, आणि त्याला खोटं पाडायला कुणी येत नव्हतं. शिवाय त्या निरर्थक चिन्हांना चिकटायला डोक्यात जुनं काही नसतं. खऱ्या अभ्यासाला माझ्याकडं अठरा वर्षं होती. ती पट्ट्याला दिसत नाहीत.

"सहाशेच्या वरचा आमच्या भागातला हा पहिलाच निकाल आहे मॅडम," तो म्हणाला. "तुमच्यामुळं आता गणित बदलावं लागणार."

मला एकदम सुभाष आठवला. चारशे सत्तर. माझ्यापेक्षा कितीतरी कमी. तो या क्षणी पॅकिंगला उभा राहून पिशव्यांचे क्रेट सरकवत असेल, आणि मशीन खोटं बोलत नाही असं स्वतःला समजावत असेल. त्याच्या घरी कुणी तेलावर आळ घेतला नव्हता. मी तिथल्या तिथं त्याला फोन लावला. उद्या डब्याच्या वेळेला वर ये, पुस्तक देते, म्हटलं. तो म्हणाला, कशाला, माझा आकडा माहितीये ना तुला. मी म्हटलं, आकड्याच्या नानाची टांग, गप ये.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. आई गॅलरीत बसल्या होत्या, गुडघ्यांवर हात ठेवून. बसमध्ये मी खूप काही बोलायचं ठरवलं होतं. माझं ते सगळं तोंडसुख, त्या सहा महिन्यांतला अबोला, पहाटेचा झाकलेला चहा. त्याऐवजी मी आत गेले, स्टुलावर चढले, कपाटाच्या वरच्या फळीवरून बाटली काढली. धूळ पुसली. वाटीत तेल ओतलं आणि येऊन त्यांच्यापुढं खाली बसले, पाठ करून.

आई म्हणाल्या, "आत्ताच तर न्हालीस. पुन्हा पट्टा लावायचा नाही व्हय?"

"पट्ट्याला तेलाचं काही होत नाही म्हणे," मी म्हटलं.

मागं वाटी उचलल्याचा आवाज आला, आणि टाळूवर तेल पडलं.

"कळलं तर," त्या म्हणाल्या.

मी मान न वळवता विचारलं, "माझं एवढं सगळं का ऐकून घेतलंत आई?"

त्यांची बोटं केसांत फिरत होती. म्हणाल्या, "त्या दिवशी तू भाकरी थापत होतीस आणि तुला रागच येत नव्हता. मला लई भ्या वाटलं. म्हटलं, ही गेली. मशीनवर माणूस किती दिवस चिडणार गं? माझ्यावर चिडलीस तर परीक्षा होईस्तोवर पुरेल, एवढं मी तुला ओळखते."

मला रडू आलं. आईंनी वाटीत उरलेलं सगळं तेल माझ्या डोक्यावर ओतलं आणि म्हणाल्या, हलू नकोस, डोळ्यात जाईल.